मेण लावलेला पोशाख

मधवाल्या बाई दुकानात शिरल्या तेव्हा त्यांचा एकच डोळा उघडा होता. दुसरा सुजून पुरता मिटला होता. मात्र उघड्या डोळ्यात दोन्ही डोळ्यांचा राग मावला होता. काखेतले पांढरे गाठोडे त्यांनी कापड बेतायच्या टेबलावर आदळले, तशी खडूची डबी उडून खाली पडली आणि मास्तरांच्या ओठांत धरलेली टाचणी पोटात जाता जाता राहिली.

"मास्तर, हा तुमचा पोशाख आणि हा माझा डोळा. दोन्ही नीट निरखून बघा."

मास्तरांनी आधी डोळा बघितला. तो बघितल्यावर पोशाखाकडे बघायचे धाडस त्यांना होईना. महिन्यापूर्वी त्यांनीच तो शिवून दिला होता. घोट्यापासून गळ्यापर्यंत एकसंध, पांढराशुभ्र, वर जाळीची टोपी जोडलेली. मधमाश्यांच्या पेट्या उघडताना घालायचा. बाईंच्या हातात तो देताना मास्तर म्हणाले होते, "बाई, ह्यातून माशी तर सोडाच, माशीच्या मनातला विचारसुद्धा आत जायचा नाही." मास्तरांना बोलायला आवडायचे, आणि बोललेले नंतर निस्तरायला लागते हे त्यांना दर वेळी नव्याने कळायचे.

"माशी कुठून शिरली पण?" त्यांनी विचारले.

"ते तिलाच विचारायला हवं होतं. पण डंख मारून मेली बिचारी."

मास्तरांनी पोशाख उलटा केला. डाव्या काखेत टाके ओढले जाऊन शिवण फाकली होती. फट बोटभरही नव्हती, पण माशीला काय दरवाजा लागतो? बटणांची काजे करत बसलेली त्यांची बायको मान वर न करताच म्हणाली, "मी म्हटलं होतं, काखेत दुहेरी शिवण घाला."

"कधी म्हटलंस?"

"मनात म्हटलं होतं. मोठ्यानं म्हटलेलं तरी तुम्ही कुठं ऐकता?"

बाईंना नवरा-बायकोच्या संवादात रस नव्हता. त्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, "मास्तर, पोशाख दुरुस्त करा आणि रविवारी सकाळी माझ्या बागेत घेऊन या. पण मी नाही घालणार. तुम्ही घालायचा. माझ्या पेट्यांच्या मधोमध उभं राहायचं. एक जरी माशी आत शिरली, तर अख्ख्या बाजाराला सांगेन की ह्या माणसाला साधी शिवण घालता येत नाही. आणि नाही शिरली, तर तेही सांगेन. मी कुणाचं ठेवून घेत नाही."

बाई बाजाराच्या ऐन तोंडाशी मध विकायला बसत. सकाळी त्यांनी एक गोष्ट सांगितली की दुपारपर्यंत ती धोब्यापासून डॉक्टरापर्यंत सगळ्यांना पाठ व्हायची. मास्तरांचे दुकान त्याच बाजारात होते. सगळी हयात सुई चालवून जोडलेले नाव एका माशीपायी जायची वेळ आली होती. त्यात भर म्हणजे मास्तरांना उडणाऱ्या कुठल्याही जिवाची भीती वाटायची. दिव्याभोवती पाखरू फिरले तरी ते स्टुलावर चढत, आणि पाखरू वरच आहे हे ध्यानात आल्यावर खाली उतरत. बाई गेल्यावर ते खुर्चीत बसले ते बसलेच. त्यांची पाचावर धारण बसली होती.

"दाजी, काळजी सोडा!" भिंतीतल्या खिडकीतून आवाज आला.

हा मास्तरांचा मेहुणा. शेजारच्या गाळ्यात तो चामड्याच्या पिशव्या, पट्टे आणि हातमोजे करायचा. पोशाखाबरोबरचे कोपरापर्यंतचे चामडी हातमोजेही त्यानेच शिवले होते. दोन्ही गाळ्यांमध्ये एक खिडकी होती. ती हवेसाठी ठेवलेली असली तरी तिच्यातून मुख्यतः मेहुण्याचे सल्लेच यायचे.

"तुमच्या कामात जीव आहे, पण मेण नाही," मेहुणा म्हणाला.

"आहे की." मास्तरांनी खणातून पांढऱ्या मेणाची चपटी वडी काढून दाखवली. बटणांचा दोरा ते त्यावरून ओढून घेत, म्हणजे गुंता होत नसे.

"हे मेण आहे की डोकेदुखीची गोळी? थांबा, मी आणतो." मेहुणा खिडकीतून दिसेनासा झाला आणि दारातून आत आला. त्याच्या हातात विटेएवढा तपकिरी गोळा होता. "हे बघा अस्सल. थेट पोळ्यातलं, काही धुतलेलं नाही की गाळलेलं नाही. चामडं शिवताना मी दोरा ह्यातून तीनदा ओढतो. सुईनं पाडलेली भोकं मेणानं बुजतात. पाऊस आत जात नाही, तिथं माशी काय जाणार? वास घ्या!"

मास्तरांनी वास घेतला. बायकोनेही घेतला. मधाचा दाट, गोड वास सबंध दुकानात पसरला होता.

"काय छान वास आहे हो," बायको म्हणाली. "खाऊनच टाकावंसं वाटतं."

एवढे स्वच्छ शब्दांत सांगूनही कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मास्तरांच्या डोक्यात फक्त फटी होत्या आणि मेहुण्याच्या डोक्यात फक्त मेण होते.

मास्तरांनी पोशाखाची एकूण एक शिवण उसवली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी घातली. एवढ्यावर थांबते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण भीतीला पुरेसे म्हणजे किती हे कधी कळत नाही. त्यांनी शिवणींवरून बाहेरून मेण चोळले आणि वर कागद ठेवून गरम इस्त्री फिरवली. मेण कापडात छान मुरले. मग वाटले, मनगटांनाही लावावे. मग घोट्यांना. मग जाळीची किनार राहिली म्हणून तिला. कंबरेपासून गळ्यापर्यंत जाणारी चेन जरा अडखळत होती, तिच्या दातांवरही मेहुण्याने गोळा घासला.

"मेणानं चेन कशी चालते बघा आता!"

चेन खरोखरच लोण्यातून सुरी जावी तशी चालू लागली. खूश होऊन मेहुण्याने हातमोज्यांनाही तीन हात दिले. गोळा निम्म्यावर आला, तेव्हा कुठे दोघे थांबले.

गार झाल्यावर पोशाख इतका ताठ झाला की त्याला टांगायची गरज उरली नाही. मास्तरांनी तो कोपऱ्यात ठेवला तर तो आपला आपण उभा राहिला. संध्याकाळी एक आजोबा आले. त्यांनी चष्मा न लावता त्या पोशाखालाच विचारले, "माझी पँट झाली का?" दोनदा विचारूनही उत्तर आले नाही, तेव्हा "फार माजलात मास्तर," असे म्हणून ते तरातरा निघून गेले. त्यांच्यामागे धावत जाऊन खरे मास्तर दाखवावे लागले.

रविवारी सकाळी मेहुण्याच्या टेम्पोतून तिघे बाईंच्या बागेत पोचले. फळझाडांच्या रांगा, मधल्या मोकळ्या जागेत लाकडी पेट्या, आणि पेट्यांच्या तोंडाशी माश्यांची ये-जा. मास्तरांचे पाय टेम्पोतून उतरायला तयार नव्हते. बायकोने त्यांना उतरवले आणि बहीण-भावांनी मिळून त्या ताठर पोशाखात भरले. टोपी चढवली, हातमोजे घातले, चेन गळ्यापर्यंत सर्रकन वर गेली. चालताना पोशाख कर्रकर्र वाजत होता.

बाईंचा डोळा आता अर्धा उघडला होता. डोक्यावर जुनी जाळी टाकून त्या पेट्यांपाशी उभ्या होत्या. त्यांना पोशाखाचा वास कसा आला नाही, असे कुणी विचारील. पण त्यांच्या घराला, भांड्यांना, त्यांच्या स्वतःच्या कपड्यांना हाच वास. त्यांना वेगळे काय जाणवणार?

"या मास्तर. इथं मध्ये उभे राहा. हात झाडायचे नाहीत, पळायचं नाही."

"किती वेळ?"

"मी म्हणेन तोवर."

मेहुणा तेवढ्यात टेम्पोत जाऊन बसला होता. त्याने काचा वर केल्या आणि आतून ओरडून सांगितले, "दाजी, घाबरू नका! मी आहे!"

पहिल्यांदा एक माशी आली. खांद्यावर बसली, थोडी चालली, उडून गेली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मग ती माशी परत आली आणि येताना चार जणींना घेऊन आली. त्या खांद्याच्या शिवणीवरून चालू लागल्या. मग आणखी आल्या. बघता बघता त्या बाहीच्या शिवणीवर पसरल्या, बरगडीच्या शिवणीवरून खाली उतरल्या, पायाच्या आतल्या शिवणीने घोट्यापर्यंत गेल्या. बाकी पांढऱ्या कापडावर एकही नाही. लांबून बघणाराला वाटावे की पांढऱ्या पोशाखाला तपकिरी दोऱ्याची जाड शिवण घातली आहे.

"अहो!" बायको कुंपणापासून कौतुकाने ओरडली. "शिवण अगदी सरळ आलीय हो!"

बाई मात्र कपाळाला आठ्या घालून बघत होत्या. "असं कधी बघितलं नाही मी," त्या पुटपुटल्या. तेवढ्यात मागच्या उंच झाडाच्या शेंड्यावरून घों घों असा आवाज सुरू झाला. बाईंनी वर बघितले आणि त्यांचा अर्धा डोळा पुरा उघडला. "मास्तर, आता अजिबात हलू नका. श्वास घ्या, पण बेतानं घ्या."

"का? काय झालं?"

"काल माझ्या एका पेटीतून माश्यांचं अख्खं मोहोळ उठून गेलं. त्या शेंड्यावर जाऊन बसलं होतं. नवीन घर शोधत होतं." बाईंनी आपली जाळी गळ्यापर्यंत ओढून घेतली. "आता सापडलंय वाटतं."

काळा धुरळा खाली यावा तशा हजारो माश्या उतरल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटले, आता संपले. दुकान, बायको, अर्धवट शिवलेला शाळेच्या मुख्याध्यापकांचा कोट, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. कोटाचे अस्तर अजून लावायचे होते. पण डंख काही बसला नाही. त्यांनी भीत भीत एक डोळा उघडला. उजवा हात त्यांनी घाबरून आडवा धरला होता. त्या हाताखाली, कोपरापासून मनगटापर्यंत, माश्यांचा भला मोठा घड लोंबत होता आणि वाढतच होता.

"हात तसाच धरा!" बाई म्हणाल्या. "घर बदलताना माश्या सहसा डंखत नाहीत. पोट भरून निघतात, मऊ असतात स्वभावानं. मी पेटी घेऊन येते."

मास्तरांना पहिल्यांदाच जरा धीर आला. आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या गळ्यापाशी काहीतरी हलले. त्यांनी नजर खाली वळवली. चेनची कडी हळूहळू, कुणीही हात न लावता, खाली सरकत होती. मेणाने गुळगुळीत झालेल्या दातांवरून ती आपल्याच वजनाने घसरत होती. बोटभर घसरली आणि थांबली. मास्तर तिच्याकडे नुसते बघत राहिले. एक हात माश्यांनी अडवला होता आणि दुसरा हलवायची बंदी होती.

बोटभर फटीतून एक माशी आत आली. चांगली जाडजूड, मोठ्या डोळ्यांची. ती हनुवटीवर चढली. ओठांवरून चालत गेली. मास्तर बाजारात नाकावर माशी बसू न देणारा माणूस म्हणून प्रसिद्ध होते. ती थेट नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसली.

ओरडले तर तोंडात जाईल. झटकावी तर हाताला मोहोळ. आणि कुणाला सांगावे तर नाव जाईल. एक जरी माशी आत शिरली तर, असे बाई म्हणाल्या होत्या. मास्तरांच्या कपाळावरून घामाचा ओघळ आला, तो नाकाशी दोन फाटे फुटून माशीच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला. मग त्यांना शिंक यायला लागली.

"मास्तर, आत सगळं ठीक ना?" पेटी उचलून आणत बाईंनी विचारले.

"म्म," मास्तर म्हणाले.

"काही शिरलं नाही ना आत?"

"म्म."

"ठीकच असणार," बायकोने कुंपणावरून ग्वाही दिली. "नसतं तर बोलले असते. बोलल्याशिवाय राहतात का ते?"

मग मात्र तिने जरा निरखून बघितले. लग्न झाल्यापासून नवऱ्याला इतका वेळ गप्प तिने बघितलेच नव्हते. माश्या असूनही ती कुंपण ओलांडून चार पावले आत आली. "अहो, मी इथंच आहे हो," ती हळूच म्हणाली. मास्तरांना त्या क्षणी बायको इतकी आवडली की शिंक आपोआप मागे गेली.

बाईंनी रिकामी पेटी त्यांच्या हाताखाली धरली. "आता मी 'हं' म्हटलं की हात एकदाच जोरात खाली झटकायचा. एकदाच. हं!"

मास्तरांनी आयुष्यभर कापड झटकले होते, ते कामी आले. अख्खा घड धप्पकन पेटीत पडला. बाईंनी झाकण अर्धे सरकवले आणि कान लावून ऐकले. थोड्याच वेळात शिवणींवरच्या माश्याही एकेक करून उठल्या आणि पेटीच्या तोंडातून आत जाऊ लागल्या.

"राणी आत गेली," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा राग उतरला होता. "माझं गेलेलं मोहोळ परत आलं, मास्तर! काल दिवसभर त्या झाडाखाली पेटी ठेवली होती. आतून जुनं मेण चोळून ठेवलं होतं, म्हणजे वासानं येतात. ढुंकून बघितलं नाही त्यांनी." त्या थांबल्या. मग जवळ येऊन त्यांनी मास्तरांच्या बाहीचा वास घेतला. "मेण लावलंत?"

"म्म."

"कुठलं?"

टेम्पोची काच दोन बोटे खाली आली. "माझ्याकडचं!" मेहुणा अभिमानाने ओरडला. "तुमच्याचकडून घेतो की मी! अस्सल!" काच परत वर गेली.

बाई कमरेवर हात ठेवून मास्तरांकडे बघत राहिल्या. "म्हणजे माझ्या पेटीला मी लावलं चिमूटभर, आणि तुम्ही स्वतःच अख्खी पेटी होऊन आलात. बरं, काढा आता ती टोपी."

मास्तरांनी मान हलवली. टोपी काढायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. घरी जाऊन, दार लावून, हळूच काढू, असा त्यांचा विचार होता. पण बायकोला तेवढा दम नव्हता. तिने चेन धरली, आणि ती बिचारी एका झटक्यात कंबरेपर्यंत आली. जाळी मागे पडली.

माशी नाकावरच होती.

मास्तरांना वाटले, डंख मारलेला परवडला असता. आता उद्या सकाळी बाजाराच्या तोंडाशी ही गोष्ट सुरू होणार, आणि दुपारी धोबीसुद्धा आपल्याला शिवण कशी घालतात ते शिकवणार. खोटे बोलायलाही जागा उरली नव्हती. खाली मान घालून, म्हणजे माशीला धक्का न लावता जेवढी घालता येईल तेवढी घालून, ते म्हणाले, "शिरली, बाई. चेनमधून शिरली. शिवणीतून नाही, पण शिरली खरी."

बाईंनी हात पुढे केला आणि नाकावरची माशी दोन बोटांत अलगद उचलली. उघड्या बोटांनी! मास्तरांनी डोळे मिटले. बायकोनेही मिटले. पण बाई हसायलाच लागल्या. हसता हसता त्यांच्या सुजलेल्या डोळ्यातून पाणी आले.

"मास्तर, हा नर आहे हो! बघा, डोळे केवढे आहेत. ह्याला नांगीच नसते. हा तुमच्या नाकावर वर्षभर बसला असता तरी काही करू शकला नसता."

"नसते?" मास्तरांनी एक डोळा उघडून विचारले.

"नाही. नांगी नाही, काम नाही. आयता मध खायचा, गुणगुणायचं आणि इकडून तिकडे हिंडायचं."

बायकोने सहज टेम्पोकडे बघितले.

मास्तर तिथेच गवतावर बसले. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. गुडघ्यात मेण ताठ असल्यामुळे त्यांना आधी आडवे व्हावे लागले. तिथे पडल्या पडल्या त्यांना आभाळ फार निळे दिसले. आपण जिवंत आहोत, नाक जागेवर आहे, ह्याचा त्यांना मनापासून आनंद झाला आणि तो लपवावासा वाटला नाही. ते मोठ्याने हसले, आणि मघापासून अडलेली शिंक एकदाची आली.

"आता बाजारात काय सांगणार, बाई?" त्यांनी झोपूनच विचारले.

"खरं तेच सांगेन. मास्तरांच्या शिवणीतून एकही माशी आत गेली नाही. चेनचं आपल्या तिघांत राहू दे." बाईंनी पोशाखावरून हात फिरवला. "हा मी घेऊन जाते. अंगात घालायला नाही, झाडाला टांगायला. मोहोळ उठलं की ह्याच्यावर बसेल. असली वस्तू कुणाकडे नाही."

मास्तरांना बरे वाटले. आजवर ज्यांच्या ज्यांच्यासाठी शिवले, त्या सगळ्यांनी कुठे ना कुठे घट्ट होतं म्हणून तक्रार केली होती. झाड करणार नव्हते.

"पण मला घालायला दुसरा हवा," बाई पुढे म्हणाल्या. "शिवण अशीच दुहेरी. पण वरून मेण चोळायचं नाही. आणि अट तीच. शिवणाऱ्यानं आधी घालून दाखवायचा. उन्हाळा वाढलाय, माश्या आता चिडक्या झाल्यात. नर कमी, नांगीवाल्या जास्त."

मास्तर उठून बसले. बायकोने हात धरून त्यांना पोशाखातून ओढून काढले. आतल्या सदऱ्यावर, गळ्यात, नेहमीप्रमाणे मापाची टेप होती. ती त्यांनी काढली आणि ते शांतपणे टेम्पोपाशी गेले. काचेवर टकटक केले.

काच खाली आली. "झालं ना दाजी? मी म्हटलं होतं की नाही? मेण म्हणजे मेण!"

"अगदी बरोबर बोललास. जरा खाली उतर. आणि छाती फुगव."

"छाती कशाला?"

"हातमोजे तूच शिवतोस ना?" मास्तरांनी टेप त्याच्या पाठीमागून घेऊन पुढे जुळवली. "म्हणजे शिवणाऱ्यांत तूही आलास."

मेहुण्याने एकदा पेट्यांकडे बघितले, एकदा बाईंच्या डोळ्याकडे बघितले. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच कुठला सल्ला बाहेर पडला नाही.

"जरा ढगळच ठेवा हो," बायको मागून म्हणाली. "घाबरला की फार घामाघूम होतो तो."